रोजचं घड्याळ

गराबेदकाका चार जिने चढून वर आले, तेव्हा माशाच्या पोटात निम्माच भात भरून झाला होता. हाताला लागलेला अक्रोडाचा कूट झटकत त्स्वेताना दाराशी गेली. म्हातारा घामाघूम झालेला. एका हातात सणाची फुलं, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेली चपटी लाकडी पेटी.

"लिफ्ट पुन्हा बंद?" तिनं विचारलं.

"चालू असती तर तुम्ही माझ्यासाठी पाणी आणायला धावला असता का, वहिनी?"

"मी कुठं धावतेय? इथंच उभी आहे. पेटी कसली ही?"

काकांनी आधी आत डोकावून पाहिलं. त्स्वेतानाच्या मुलाच्या, प्लामेनच्या लग्नात वडीलकीच्या मानानं तेच उभे होते, आणि तेव्हापासून या घरातलं एकही भांडण त्यांना वगळून झालं नव्हतं. ते आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या सुनेचा, नेवेनाचा फोन आला होता. दहाएक घड्याळं घेऊन या म्हणाली. मी म्हटलं, पोरी, दुकानात ये, निवांत बघ. तर म्हणते, काका, जिने उतरेन हो, चढणार कोण?"

"घड्याळं? कशाला?"

"लेकीसाठी, रालित्सासाठी ठेवायचंय. मागं राहील असं."

त्स्वेतानानं पाठीमागचं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. "प्लामेनला ठाऊक आहे?"

"मला वाटलं, घरात बोलून झालं असेल."

"या घरात!" त्स्वेताना म्हणाली आणि खरोखरच पाणी आणायला गेली.

नेवेनाचे उपचार थांबवून पाच आठवडे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी तिला आणि प्लामेनला समोर बसवून सांगितलं होतं की औषधाचा उपयोग होत नाही, उन्हाळा निघेल, पुढचं सांगवत नाही. नेवेनानं ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन सासूला सांगितलं. प्लामेननं काय ऐकलं कोण जाणे. त्या दिवसापासून तो सूप करायचा, मध आणायचा, आणि ऑगस्टमध्ये आपण सगळे समुद्रावर जाणार आहोत असं जेवताना दोनदा तरी म्हणायचा. नऊ वर्षांच्या रालित्साला एवढंच सांगितलं होतं की आईला अशक्तपणा आहे.

आज फुलांचा रविवार, इस्टरच्या आधीचा. त्स्वेताना म्हणजे फूल, नेवेना म्हणजे झेंडू आणि रालित्सा म्हणजे शेतात उगवणारं ते निळं फूल. तिघींच्याही नावाचा सण एकाच दिवशी. बारा वर्षं सासू-सून या दिवशीसुद्धा भांडत आल्या होत्या. मिठावरून, पडद्यांवरून, बाईमाणसानं ट्रॉलीबस चालवावी का यावरून. यंदा भांडण झालं नव्हतं, आणि त्स्वेतानाला सकाळपासून ते खटकत होतं. मासा तिनं मुद्दाम खारट केला होता. सून काहीतरी बोलेल म्हणून.

रालित्साला खालच्या मजल्यावरच्या शेजारणीबरोबर देवळात पाठवलं होतं, आशीर्वादाच्या विलोच्या फांद्या आणायला.

*

झोर्नित्सा टेबलावर ताटं मांडत होती. प्लामेनची ती थोरली बहीण. तिचं नाव पहाटेच्या चांदणीवरून, त्यामुळे दर वर्षी या दिवशी ती तेच म्हणायची आणि आजही म्हणाली, "तीन फुलं या घरात आणि राबायला एकटी चांदणी!"

"ताई, चांदणीला पाणी घालावं लागत नाही," सोफ्यावरून नेवेना म्हणाली. "आमचं बघ, रोज कोणीतरी वाटी घेऊन उभं."

ती शाल लपेटून बसली होती. चौदा वर्षं ट्रॉलीबसचं स्टिअरिंग फिरवलेल्या त्या दंडांचं आता काही उरलं नव्हतं. बोटांची टोकं औषधानं बधिर झालेली. काकांना पाहताच ती मात्र उठून नीट बसली. "आणली? दाखवा, दाखवा. रालि यायच्या आत."

काकांनी सणाच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर काळं कापड पसरलं आणि पेटी उघडली. एकेक घड्याळ ठेवताना ते त्याची ओळख करून देत होते, जशी पाहुण्यांची करून द्यावी. "हे लग्नाकार्याचं. नाजूक. पाण्याचा थेंब गेला की रुसलं. हे बॅटरीवालं, वेळ अगदी चोख, पण बिघडलं की फेकायचं. आत दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. हे पुरुषी, जड आहे..."

"मला रोजचं हवंय, काका."

"रोजचं म्हणजे कसं, तू सांग."

नेवेनानं आधीच विचार करून ठेवला असावा. ती बोटांवर मोजत सांगू लागली. "भांडी घासताना काढावं लागू नये. आकडे मोठे हवेत, नुसत्या रेघा नकोत. मुलीनंही घालावं आणि चाळीस वर्षांच्या बाईनंही. आणि चाळीस वर्षांनी ती दुसऱ्या कुठल्या गावात असेल, तर तिथल्या घड्याळजीला ते उघडता आलं पाहिजे."

"चाळीस वर्षांनी घड्याळजी राहिले तर."

"एखादा राहील हो. तुम्ही नाही का राहिलात!"

काका हसले. तेवढ्यात प्लामेन गॅलरीतून आत आला. त्याच्या हातात लिंबं होती. काळ्या कापडावर मांडलेली घड्याळं पाहून तो जागीच थांबला.

"हे काय?"

"घड्याळ घेतेय," नेवेना म्हणाली. "माझं ते प्लॅस्टिकचं बंद पडलं ना, ते दुरुस्त होत नाही म्हणाले काका."

"मग घे की. मी नवीन आणून देतो. मोठ्या दुकानातून."

"मला असं हवंय की मी आत्ता रोज घालीन आणि नंतर रालि घालेल."

"नंतर म्हणजे?"

झोर्नित्सा हातातल्या काट्या-चमच्यांची टोकं जुळवत राहिली.

"नंतर म्हणजे कधी, नेवे? ती मोठी झाल्यावर ना? मग तेव्हा बघू. तिच्या अठराव्या वाढदिवसाला तू आणि मी जाऊ आणि..."

"प्लामेन."

"सणाच्या दिवशी हा काय बाजार मांडलाय! काका, तुम्ही तरी... तुम्हाला कळायला नको?"

"मला तिनं बोलावलं," काका म्हणाले.

प्लामेननं लिंबं टेबलावर ठेवली. एक घरंगळत खाली गेलं, ते त्यानं उचललं नाही. तो तडक काचेच्या कपाटाकडे गेला, वरच्या फळीवरची निळी डबी काढली आणि आणून नेवेनाच्या मांडीवर ठेवली. रालित्साच्या आजोबांचं, दोब्रींचं सोन्याचं घड्याळ. डॅन्यूब नदीवर गलबतांना वाट दाखवण्यात ज्यांनी तीस वर्षं घालवली ते आजोबा. या घराण्यात तेवढी एकच वस्तू अशी होती की जिच्यावरून माणसं एकमेकांशी बोलायची थांबली होती.

"हे घे. द्यायचंच असेल तर हे दे तिला. झालं? विषय संपला. आता जेवू या."

झोर्नित्सानं काटे-चमचे खाली ठेवले. "ते माझ्या बोयानचं आहे."

"ताई, आत्ता नको."

"आत्ताच. आईनं शब्द दिलाय. थोरल्या नातवाला म्हणून. सगळ्यांसमोर दिलाय, बाबांच्या वर्षश्राद्धाला. तू सुद्धा होतास."

"तुझा बोयान स्पेनमध्ये बसलाय. आजोबांचं नाव तरी आठवतं का त्याला?"

"त्याचं तोंड दिसत नाही म्हणून त्याची वस्तू वाटून टाकायची?"

"वस्तू, वस्तू! तुला इथं काय चाललंय ते दिसतंय का?"

"मला दिसतंय," झोर्नित्सा म्हणाली. तिचा आवाज एकदम पडला. "तुलाच दिसत नाहीये, प्लामेन. मला सगळं दिसतंय."

प्लामेन गॅलरीत गेला आणि त्यानं काचेचं दार इतक्या जोरात ओढलं की ते आपटून पुन्हा वीतभर उघडं राहिलं.

*

त्स्वेताना स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिनं मासा ओव्हनमध्ये सारला, हात पुसले आणि कुणाकडे न बघता सरळ गॅलरीत गेली.

प्लामेन कठड्याला टेकून उभा होता. खाली गोदीतल्या क्रेन रविवारच्या सुट्टीत गप्प उभ्या होत्या. त्याच गोदीत तो मालवाहू बार्जच्या तळांना वेल्डिंग करायचा. नदीपलीकडे रोमानियातली पॉप्लरची झाडं नुकती हिरवी झाली होती.

"जा आत, आई. मला उपदेश नको."

"उपदेश करायला मी आलेय कुठं? थंड हवा खायला आलेय. ओव्हनपाशी जीव शिजला माझा." ती त्याच्या शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "मी आठ वर्षांची होते."

"काय?"

"आई गेली तेव्हा. तुला माहितेय, लहानपणी गेली म्हणून. कशी ते मी कधी सांगितलं नाही. मला मावशीकडे पाठवलं, वरच्या गावात. म्हणाले, तुती पिकल्यात, चार दिवस राहून ये, भरपूर खा. मी खाल्ल्या. हात, तोंड, फ्रॉक, सगळं जांभळं. सोळा दिवस राहिले. परत आले तर घराला चुना दिलेला. खाट बाहेर उन्हात. आत्यांनी कपडे वाटून घेतलेले, भांडी वाटून घेतलेली. मला म्हणाले, आई देवाघरी गेली, आता शहाण्यासारखं वाग."

प्लामेन तिच्याकडे वळून पाहू लागला.

"माझ्या भल्यासाठीच केलं हो त्यांनी. कुणी दुष्ट नव्हतं. पोरीला बघवणार नाही, म्हणून. पण आता बासष्ट वर्षं झाली, मला तिचा चेहरा आठवत नाही. फोटो नाही. तिची म्हणून एक वस्तू नाही, चमचा नाही, बटण नाही. पीठ मळणारे दोन हात आठवतात, तेवढेच. आणि ते तिचेच का, की मावशीचे, तेही मला नक्की सांगता येत नाही."

"हे तू मला कधीच बोलली नाहीस."

"काय बोलायचं? काही नाहीच माझ्याकडे, हे बोलायचं?" तिनं एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "बारा वर्षं मी नेवेनाशी भांडले, प्लामेन. मला ती कधी आवडली नाही, हे तुला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. पण ती पोरीसाठी जे करतेय ते माझ्या आईला कुणी करू दिलं नाही. तू मध्ये उभा राहिलास तर मी तुला माफ करणार नाही."

"मी बोललो तर... मी ते तोंडानं बोललो, आई, तर ते खरं होईल."

"ते झालंय रे, बाळा," त्स्वेताना म्हणाली. "तुझ्या बोलण्यासाठी थांबलं नाही ते."

*

आत झोर्नित्सा सोफ्याच्या कडेवर बसली होती. निळी डबी अजून नेवेनाच्या मांडीवरच होती. आपण काय बोलून बसलो याची झोर्नित्साला आता लाज वाटत होती. पण खरं कारण सांगायचं तर तेही तोंडून निघत नव्हतं. बोयानचा पाच महिन्यांत फोन नव्हता. ते घड्याळ घ्यायला तरी तो एकदा घरी येईल, या एका आशेवर ती ते कपाट दर महिन्याला स्वतः येऊन पुसत होती.

"दे रालिला," ती एकदम म्हणाली. "खरंच दे. मी बोयानला सांगेन."

नेवेनानं डबी तिच्या हातात ठेवली आणि वरून तिची बोटं मिटली. "ताई, मला नकोय ते. आजोबांनी तरी ते कधी घातलं? फोटो काढायला आणि इस्टरला. त्याच्यावर आजोबांचा एक ओरखडा नाही. तसलं सोनं रालिला देऊन मी काय सांगू? ही तुझी आई?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "बोयानसाठी ठेव. येईल तो."

झोर्नित्सानं मान खाली घातली. मग नाक पुसून ती काळ्या कापडाजवळ सरकली. "बरं, मग बघू तरी दे. हे कसंय? हे छान चमकतंय."

"चमकतंय म्हणूनच नको," नेवेना म्हणाली.

"हे?"

"आकडे नाहीत."

"बाई गं! राजधानी सोफियातसुद्धा लग्नासाठी मुलगी बघताना एवढ्या खोड्या काढत नाहीत लोक."

नेवेना हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. झोर्नित्सानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली मणके मोजता येत होते.

शेवटी नेवेनानं उचललं ते कोपऱ्यात सगळ्यात शेवटी मांडलेलं होतं. पोलादी, फार मोठं नाही, फार लहानही नाही. पिवळसर पडलेली तबकडी, एक ते बारा सगळे आकडे ठसठशीत, सेकंदाचा काटा निळा.

"हे चावीचं," काका म्हणाले. "जुन्या रशियन कारखान्याचं, माझ्याहून थोडंसंच तरुण. एका शाळामास्तरीणबाईंचं होतं. त्या मुलीकडे कॅनडाला गेल्या तेव्हा मला देऊन गेल्या. आतलं यंत्र घोड्यासारखं आहे. पण पोरी, रोज चावी द्यावी लागेल. तुझी बोटं..."

"देईन. नाही जमलं तर कुणीतरी देईल."

"दुसऱ्या बाईचं वापरलेलं?" झोर्नित्सानं नाक मुरडलं.

"काच बदलून देतील काका. जुने ओरखडे तिचे, ते तिच्याबरोबर जाऊ देत. मला माझे पाडायचेत." नेवेनानं घड्याळ कानाशी नेलं. "वेळ थोडा आहे, पण धुणं-भांडी करायला लागले तर पडतील चार-पाच."

"तुला कोण भांडी घासू देतंय!"

"आई देतील. त्यांना विचारून बघ. बारा वर्षं वाट बघतायत त्या, मी नीट घासायला लागेन याची."

या वेळी तिघंही हसली. आणि हसू अजून ओठांवर असतानाच त्यांना दिसलं की पॅसेजच्या दारात रालित्सा उभी आहे. अंगात निळा कोट, कवेत विलोच्या फांद्या. जिन्याचं दार काकांच्या मागे नुसतं लोटलेलंच राहिलं होतं. ती केव्हापासून तिथं उभी होती हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"रालि, ये," नेवेना म्हणाली. "बघ, काकांनी काय काय आणलंय."

"मला नको."

"काय नको?"

"ते घड्याळ. मला नको." रालित्साचा आवाज अगदी शांत होता. तोच आवाज काढून ती वर्गात पाढे म्हणायची. "मी घेतलंच नाही तर तू कुणाला देशील? कुणालाच नाही. मग ते तुझ्याकडेच राहील. मग तुला इथंच राहायला लागेल."

काकांनी मान वळवली आणि उगाचच पेटीतला चिमटा पुसायला घेतला. गॅलरीच्या वीतभर उघड्या दारापलीकडे दोन माणसं बोलता बोलता थांबली होती.

नेवेनानं हे सगळं कसं सांगायचं याची पाच आठवडे तयारी केली होती. रात्रभर जागून वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तिला आता आठवेना.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. बाबा रोज समुद्राचं बोलतो. आपण समुद्रावर जायचो तेव्हा आधी कधी एवढं बोलायचा नाही." रालित्सानं फांद्या छातीशी आवळल्या. "आणि आजी तुझ्याशी भांडत नाही."

"इकडे ये."

ती आली नाही. झोर्नित्सा उठायला गेली, तर नेवेनानं तिला हातानं थांबवलं. मग ती स्वतःच सोफ्याला धरून उठली, तीन पावलं चालली आणि मुलीसमोर जमिनीवर बसली; कारण उभं राहणं तिला जमेना.

"राहणं माझ्या हातात असतं ना रालि, तर मी घड्याळबिड्याळ बघतच बसले नसते. मी सकाळची पहिली गाडी घेऊन निघाले असते आणि तुला शाळेच्या स्टॉपवर उतरवून, मागच्या लोकांनी आरडाओरडा केला तरी तू फाटकातून आत जाईपर्यंत थांबले असते. नेहमी थांबायचे तशी. तू घड्याळ घेतलंस काय, न घेतलंस काय, त्यानं माझं जाणं-राहणं ठरत नाही. तसं असतं तर मी तुला कधी काहीसुद्धा दिलं नसतं. चॉकलेटसुद्धा."

रालित्सा रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून ती आईच्या कपाळाकडे बघत होती.

"केव्हा?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. उन्हाळा आपला आहे, असं म्हणाल्या डॉक्टर."

"पूर्ण?"

"तेही माहीत नाही."

मग मात्र फांद्या खाली पडल्या. आणि ती आईच्या गळ्यात पडली ती अशी की नेवेना मागे कलंडली आणि झोर्नित्सानं धावत येऊन दोघींना मागून धरलं. मासा करपल्याचा वास येऊ लागला तरी कुणी उठलं नाही.

"आज तू काही घेऊ नकोस," नेवेना तिच्या केसांत तोंड घालून म्हणाली. "आज ते माझं आहे. मी घेतेय. मी घालणार आहे. तू फक्त रोज सकाळी त्याला चावी देत जा. माझी बोटं चालत नाहीत. एवढं करशील?"

खांद्यावरचं डोकं हललं. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

*

प्लामेन आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण त्यानं चेहरा धुतला नव्हता किंवा काही लपवलंही नव्हतं. त्यानं नेवेनाला उचलून सोफ्यावर बसवलं. लिंबू उचललं. त्याच्या मागून आलेली त्स्वेताना थेट ओव्हनकडे धावली आणि तिथून ओरडली, "एक बाजू गेली! दुसरी चांगली आहे!"

"आणि खारट किती झालाय ते?" नेवेनानं विचारलं. "मघाशी भात चाखला मी. देवा रे!"

स्वयंपाकघरातून त्स्वेतानाचा आवाज आला, "आयुष्यभर तुझ्या हातचं अळणी खाल्लं, एक दिवस माझं खारट खा!" आणि लगेच नळ जोरात सोडल्याचा आवाज झाला, आणि तो कितीतरी वेळ बंद झाला नाही.

काकांनी चामड्याचा तपकिरी पट्टा घड्याळाला लावला आणि तो नेवेनाच्या मनगटावर बांधला. सगळ्यात आतल्या भोकात बकल अडकवलं. तिनं हात वर केला तसं घड्याळ सरकत कोपरापर्यंत गेलं.

"भोकं पाडायला लागतील," काका म्हणाले आणि त्यांनी पेटीतून आरी आणि लाकडाचा एक ठोकळा काढला. "आतल्या बाजूला."

"द्या इकडे," प्लामेन म्हणाला.

"मी करतो रे, माझं रोजचं काम आहे."

"द्या काका."

काकांनी आरी त्याच्या हातात दिली. प्लामेन सोफ्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं पट्टा ठोकळ्यावर सरळ केला आणि आरीचं टोक चामड्यावर टेकवलं. पण दाबलं नाही. नेवेनाला त्याचा नुसता डोक्याचा माथा दिसत होता. तिथले केस या पाच आठवड्यांत पांढरे झाले होते.

"किती पाडू?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांकडून आल्यापासून त्यानं तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. किती दुखतंय, किती झोप झाली, किती दिवस. काहीच नाही. नेवेनाला एकदम रडू आलं, आणि ते दुःखाचंच होतं असं तिला म्हणता आलं नसतं.

"तीन पाड," ती म्हणाली. "एक आत्ताचं. एक त्याच्या आत, जूनसाठी."

त्यानं आरी दाबली. चामड्यातून टोक लाकडात गेल्याचा बारीक आवाज झाला. घड्याळ मनगटावर धरून पाहिलं, बरोबर बसलं. त्यानं दुसरं भोक पाडलं. कपाळावरचा घाम बाहीनं पुसला.

"आणि तिसरं?"

"तिसरं रालिच्या मापाचं."

प्लामेननं मुलीकडे पाहिलं. रालित्सा झोर्नित्साआत्याला टेकून उभी होती. आत्यानं तिला पुढे ढकललं नाही. स्वयंपाकघराच्या दारात त्स्वेताना येऊन उभी राहिली होती, ओले हात तसेच लोंबते ठेवून. रालित्सानं एकेकाकडे बघितलं. मग तिनं निळ्या कोटाची डावी बाही कोपरापर्यंत वर सारली, पुढे आली आणि हात बापासमोर धरला.

त्यानं पट्टा त्या मनगटाभोवती लपेटला. आरीच्या टोकानं खूण करायला गेला, ती तिरकी झाली. पुन्हा करायला गेला.

"हात हलवू नकोस गं," तो म्हणाला.

"मी नाही हलवत, बाबा," रालित्सा म्हणाली. "तुझाच हलतोय."